विर्टशाफ्ट्सवोखे: जन्मसाल १९२६ की १९७०?

कोथरूडची_वाचक (धागा सुरू केला)

नमस्कार. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मला ‘आर्थिक पत्रकारितेचा इतिहास’ या विषयावर दीर्घ निबंध लिहायचा आहे. जर्मन वाचता येत असल्यामुळे मी ड्युसेलडॉर्फहून निघणाऱ्या ‘विर्टशाफ्ट्सवोखे’ या अर्थविषयक साप्ताहिकाची निवड केली. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या भाषेचा परीक्षेपलीकडे काही उपयोग व्हावा, हाही एक हेतू आहे. प्राथमिक वाचन करताना मात्र पहिल्याच पायरीवर अडले. हे साप्ताहिक आपली परंपरा १९२६ साली बर्लिनमध्ये सुरू झालेल्या ‘डेर डॉयचे फोल्क्सविर्ट’पर्यंत नेते, आणि त्या हिशेबाने ते आता शंभरीचे ठरते. आजचे नाव मात्र त्याला १९७० साली मिळाले. मधल्या काळात संस्थापकाला देश सोडावा लागला, हिटलरची राजवट आली, युद्ध झाले, गाव बदलले, मालक बदलले. एवढे सगळे होऊनही नियतकालिक ‘तेच’ राहिले असे म्हणता येते का?

दुसरा प्रश्न असा की, मूळ साप्ताहिकाचे स्वरूप नेमके कसे होते? अर्थशास्त्रज्ञांनी अर्थशास्त्रज्ञांसाठी चालवलेले ते पत्र होते, की व्यापारी आणि बँकवाल्यांसाठी होते? आणि शेअर, फंड, कंपनीप्रमुखांच्या मुलाखती हा आजचा चेहरा त्याला केव्हा आणि कशामुळे आला? मराठीत याविषयी एकत्रित असे काही सापडले नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

मुळाकाठ

विषय उत्तम निवडला आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यात दडलेले आहे.

या साप्ताहिकाची गोष्ट खरे तर बर्लिनमध्ये नव्हे, व्हिएन्नात सुरू होते. १९०८ साली वाल्टर फेडर्न यांनी तेथे ‘डेर ओस्टररायशिशे फोल्क्सविर्ट’ हे साप्ताहिक काढले. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’सारखे, म्हणजे सरकारी अंदाजपत्रक, बँकांचे ताळेबंद, चलन आणि परराष्ट्र व्यापार यांवर निर्भीड आणि आकड्यांनिशी लिहिणारे पत्र जर्मन भाषेतही असावे, अशी त्यामागची धारणा होती. १८८८ साली व्हिएन्नातच जन्मलेले गुस्टाव श्टोल्पर तरुण वयात या पत्रात आले आणि लवकरच फेडर्न यांच्या बरोबरीने संपादक झाले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य फुटले आणि व्हिएन्नासारखे प्रचंड शहर एका चिमुकल्या देशाच्या डोक्यावर येऊन बसले. हा देश स्वतंत्रपणे आर्थिकदृष्ट्या टिकणार नाही, त्याने जर्मनीत सामील व्हावे, असे श्टोल्पर यांचे ठाम मत होते आणि त्यावर त्यांनी १९२१ साली पुस्तकही लिहिले. देश सामील झाला नाही, तेव्हा १९२५ साली ते स्वतःच बर्लिनला गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘डेर डॉयचे फोल्क्सविर्ट’ सुरू केले.

तो काळ लक्षात घेतल्याशिवाय या पत्राचे महत्त्व कळणार नाही. १९२३च्या नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी कागदी मार्क मोजावे लागत होते, आणि रेंटेनमार्क हे नवे चलन आणताना एक लाख कोटी जुन्या मार्कांची किंमत एक नवा मार्क अशी ठरवावी लागली. ज्यांनी आयुष्यभराची बचत सरकारी रोख्यांत ठेवली होती, त्या मध्यमवर्गाचे सगळे पैसे बुडाले. युद्धदंडाचे हप्ते नव्याने बांधून देणारी १९२४ची डॉज योजना आली, अमेरिकी कर्जाचा ओघ सुरू झाला, आणि त्या उधारीच्या जोरावर पुढची चार-पाच वर्षे भरभराटीची दिसली. ही भरभराट कोणाच्या पैशावर उभी आहे आणि युद्धदंडाचे हप्ते कोठून फेडले जाणार आहेत, हे दर आठवड्याला स्पष्ट शब्दांत सांगणारे कोणीतरी हवेच होते. ती जागा श्टोल्पर यांनी घेतली. वाचक मुख्यतः बँकवाले, कारखानदार, वरिष्ठ सरकारी अधिकारी आणि प्राध्यापक असे होते. त्यामुळे आपला ‘अर्थशास्त्रज्ञांसाठी की व्यापाऱ्यांसाठी’ हा पर्याय त्या पत्राला लागू पडत नाही. अर्थशास्त्रज्ञाने व्यापाऱ्याला समजेल असे लिहावे आणि व्यापाऱ्याला ते वाचल्यावाचून राहवू नये, हेच त्याचे वैशिष्ट्य होते.

लेखकांत सर्वांत मोठे नाव योसेफ शुम्पेटर यांचे. १९१९ साली काही महिने ऑस्ट्रियाचे अर्थमंत्री, मग एका खासगी बँकेचे अध्यक्ष, ती बँक बुडाल्यावर डोक्यावर कर्ज, आणि १९२५पासून बॉन विद्यापीठात प्राध्यापक असा त्यांचा प्रवास झाला होता. कर्ज फेडण्यासाठी ते व्याख्याने देत आणि लेख लिहीत. करनीती, वेतन, बेकारी अशा विषयांवरील त्यांचे अनेक लेख श्टोल्पर यांच्या साप्ताहिकात आले. एरवी जाडजूड ग्रंथ लिहिणारा माणूस चालू घडामोडींवर थोडक्यात कसा लिहितो, हे पाहण्यासाठी ते लेख आवर्जून वाचावेत. १९३२ साली शुम्पेटर हार्वर्डला गेले.

श्टोल्पर केवळ संपादक नव्हते. ते जर्मन डेमोक्रॅटिक पक्षाचे कार्यकर्ते होते, १९२९ साली त्यांनी जर्मनीच्या सार्वजनिक वित्तव्यवस्थेच्या फेररचनेची स्वतःची योजना प्रसिद्ध केली, आणि १९३० ते १९३२ या काळात ते राइशटागचे, म्हणजे जर्मन संसदेचे, सभासद होते. संपादकाने राजकारणात उतरावे का, हा वाद आपल्याकडे टिळकांच्या काळापासून चालू आहे, त्यात येथे शिरत नाही. त्यांच्या पत्नी टोनी श्टोल्पर यांचाही साप्ताहिकाच्या कामात मोठा वाटा होता, आणि पुढे १९६० साली पतीचे चरित्र त्यांनीच लिहिले. आपल्या निबंधासाठी ते महत्त्वाचे साधन ठरेल, मात्र ते पत्नीने लिहिलेले आहे हे लक्षात ठेवून वाचावे.

अवांतर: आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पेपरात आपण ‘स्टॉल्पर–सॅम्युएलसन प्रमेय’ पाठ केलेच असेल. १९४१ सालच्या त्या प्रमेयातील स्टॉल्पर म्हणजे वोल्फगांग श्टोल्पर, या गुस्टाव यांचेच चिरंजीव आणि शुम्पेटर यांचे बॉन व हार्वर्ड येथील विद्यार्थी.

---

पिंपरीकर

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे. नियतकालिक हे त्याच्या वाचकांवरून ओळखावे, आणि त्या कसोटीवर ‘विर्टशाफ्ट्सवोखे’ १९७० सालीच जन्मले असे मी म्हणेन.

मी नव्वदच्या दशकात पिंपरीतील एका जर्मन कंपनीच्या खरेदी विभागात होतो. हे साप्ताहिक आमच्याकडे विमानटपालाने येई, आणि हाती पडेपर्यंत अंक शिळा झालेला असे. मुखपृष्ठावर टाचणीने एक चिठ्ठी लावलेली असायची. तीवर विभागप्रमुखांच्या आद्याक्षरांची उभी यादी, वाचून झाले की आपल्या अक्षरांपुढे सही करून अंक पुढच्या टेबलावर पाठवायचा. जर्मन साहेबांची सही पहिली आणि माझी शेवटून दुसरी, त्यामुळे माझ्यापर्यंत येईतो शेअरभावांच्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा आणि कॉफीचे डाग दोन्ही पडलेले असत. अर्थशास्त्रावरील लेखांची पाने मात्र कोरी करकरीत! कोणत्या कंपनीने कोणती कंपनी घेतली, यंत्रसामग्रीच्या उद्योगात मागणी कशी आहे, मार्क डॉलरच्या तुलनेत कोठे आहे, यासाठी लोक तो अंक उघडत. श्टोल्पर हे नाव तेथील एकाही जर्मन सहकाऱ्याच्या तोंडून मी कधी ऐकले नाही.

हा बदल आपोआप झाला नाही. युद्धानंतर हे पत्र फ्रँकफर्टहून नुसत्या ‘डेर फोल्क्सविर्ट’ या नावाने निघत होते, आणि पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री लुडविग एर्हार्ड यांच्या काळातील बाजाराधिष्ठित अर्थनीतीचे गंभीर, काहीसे रुक्ष भाष्यकार असे त्याचे स्थान होते. साठच्या दशकात जर्मनीत नवा वाचक तयार झाला. तो कंपनीत नोकरी करणारा व्यवस्थापक होता, स्वतःच्या मालकीचा कारखाना नसलेला, पण पगार चांगला असलेला आणि पैसा कोठे गुंतवावा याचा विचार करणारा. १९६२ साली ‘कापिटाल’ हे मासिक निघाले आणि या वाचकाला त्याने बरोबर हेरले. १९७१ साली ‘श्पिगेल’ या वृत्तसाप्ताहिकाच्या प्रकाशनगृहाने ‘मॅनेजर मागात्सिन’ काढले. या दोहोंच्या मधोमध, १९७० साली, ‘डेर फोल्क्सविर्ट’ने नाव बदलले आणि वृत्तसाप्ताहिकाचे रूप घेतले. ‘श्पिगेल’चे माजी मुख्य संपादक क्लाउस याकोबी यांच्याकडे सूत्रे आली, यातच नव्या चालकांना काय हवे होते ते उघड होते. त्याच दशकात बिऱ्हाड फ्रँकफर्टहून ड्युसेलडॉर्फला, ‘हान्डेल्सब्लाट’ या आर्थिक दैनिकाच्या शेजारी, गेले. बँकांचे शहर सोडून ऱ्हुर खोऱ्यातील पोलाद, कोळसा आणि यंत्रांच्या कंपन्यांच्या दारात हे साप्ताहिक येऊन बसले.

त्यानंतरची लाट शेअरबाजाराची. १९८८ साली डॅक्स हा निर्देशांक सुरू झाला, तरी सर्वसामान्य जर्मन माणूस बचत खात्यावर आणि विमा पॉलिसीवरच विसंबून होता. १९९६च्या नोव्हेंबरमध्ये डॉयचे टेलिकॉमचा शेअर २८.५० मार्कांना विक्रीस आला आणि शिक्षक, टपाल कर्मचारी, निवृत्त मंडळी अशा सर्वांनी तो घेतला. १९९७ साली नव्या कंपन्यांसाठी ‘नॉयर मार्क्ट’ हा स्वतंत्र बाजार उघडला. २०००च्या मार्चमध्ये टेलिकॉमचा शेअर १०३ युरोंच्या वर गेला, आणि नंतर दोन-तीन वर्षांत नॉयर मार्क्टच्या निर्देशांकाची किंमत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरून २००३ साली तो बाजारच बंद करावा लागला. या काळात जर्मनीतील प्रत्येक अर्थविषयक नियतकालिकाला जाहिराती आणि वाचक भरभरून मिळाले. २००० साली तर ‘फायनान्शियल टाइम्स डॉइचलँड’ हे गुलाबी कागदावरचे नवे दैनिकही निघाले. ते २०१२ साली बंद पडले.

याच काळात ड्युसेलडॉर्फमध्येच मुख्यालय असलेली मानेसमान ही नळ्या तयार करण्यापासून सुरुवात झालेली कंपनी ब्रिटनच्या व्होडाफोनने घेतली. व्यवहार सुमारे १८० अब्ज युरोंचा होता, आणि परकीय कंपनीने जर्मन कंपनीवर तिच्या संचालकांच्या इच्छेविरुद्ध बोली लावणे हेच तेथे अनेकांना अब्रह्मण्यम वाटले. आमच्या कार्यालयात त्या आठवड्यांत चिठ्ठीवरचा क्रम कोणी पाळला नाही, अंक ज्याच्या हाती लागेल तो आधी वाचत असे. हा वाचक आणि १९२६चा वाचक यांत मला काहीही साम्य दिसत नाही.

---

भांडारकर_रस्ता

पिंपरीकर यांची चिठ्ठीची हकीकत फार आवडली. परंतु कसोटी केवळ वाचकांची लावली, तर जगातील कोणतेही नियतकालिक पन्नास वर्षे टिकले असे म्हणता येणार नाही. मला खरी फट १९७०मध्ये नव्हे, १९३३मध्ये दिसते, आणि तिच्याकडे या चर्चेत अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

श्टोल्पर ज्यू कुळातील होते, उदारमतवादी होते आणि विरोधी पक्षाचे माजी खासदार होते. १९३३ साली त्यांच्यापुढे देश सोडण्यावाचून पर्याय उरला नाही. साप्ताहिक हातचे गेले आणि ते कुटुंबासह न्यूयॉर्कला गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संपादकांसंबंधीचा कायदा आला, ज्यामुळे कोणी संपादन करावे आणि काय छापावे यावर राज्यसत्तेचा ताबा आला आणि ज्यू पत्रकारांना या व्यवसायातूनच हद्दपार केले गेले. साप्ताहिक मात्र त्याच नावाने बर्लिनहून निघतच राहिले. नाव तेच, वर्गणीदारांची यादी तीच, आणि ज्याच्यासाठी ते नाव ओळखले जात होते तो माणूस अटलांटिकपलीकडे! शंभर वर्षांची अखंड परंपरा सांगणाऱ्याने या वर्षांचा हिशेब आधी द्यावा.

राजवटीखाली आर्थिक पत्रकारितेचे काय होते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. राइशबँकेचे, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष ह्याल्मार शाख्त यांनी शस्त्रसज्जतेसाठी पैसा उभा करण्याकरिता ‘मेफो’ नावाची एक नाममात्र कंपनी काढली. शस्त्रास्त्रांचे कारखाने या कंपनीवर हुंड्या काढत, बँका त्या वटवत आणि शेवटी राइशबँक त्या स्वीकारत असे. सरकारी कर्जाच्या आकड्यांत त्या दिसतच नसत. अशा हुंड्यांची एकूण रक्कम सुमारे १२ अब्ज मार्कांवर गेली. ही गोष्ट गुप्त होती. अंदाजपत्रकाची चिरफाड करण्यासाठीच जन्मलेल्या साप्ताहिकाला देशाच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी बाब छापता येऊ नये, यापेक्षा मोठा खंड तो कोणता? त्यापुढे १९७०चा बदल म्हणजे केवळ पेहराव बदलणे होय.

याउलट, श्टोल्पर यांच्या पत्राचा खरा वारसा शोधायचा तर तो माणसांतून शोधावा. व्हिएन्नातील मूळ साप्ताहिकात १९२४ ते १९३३ या काळात आर्थिक इतिहासाचे अभ्यासक कार्ल पोलान्यी संपादकवर्गात होते आणि परराष्ट्र व्यवहारांवर लिहीत. व्यवस्थापनशास्त्राचे पीटर ड्रकर अगदी तरुणपणी याच वर्तुळात वावरले. आपल्याकडे व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात ड्रकर यांचे वचन भिंतीवर असते, पण त्यांची जडणघडण व्हिएन्नातील एका आर्थिक साप्ताहिकाच्या परिसरात झाली हे कोणी सांगत नाही. स्वतः श्टोल्पर १९४७ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांच्या पथकाबरोबर पराभूत जर्मनीत आले. कारखाने पाडून जर्मनीला शेतीप्रधान करण्याचे बेत सोडून द्यावेत, अशी त्या पथकाच्या अहवालाची दिशा होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये श्टोल्पर यांचे निधन झाले, आणि १९४८च्या जूनमधील, डॉइचमार्क हे नवे चलन आणणारी चलनसुधारणा त्यांना पाहता आली नाही. त्यांचे जुने स्नेही थिओडोर हॉइस १९४९ साली पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, आणि टोनी श्टोल्पर यांना त्यांनी लिहिलेली दैनंदिनीवजा पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

आपण पुण्यात आहात म्हणून एक समांतर उदाहरण सुचवतो. सचिन चौधरी यांनी १९४९ साली मुंबईत ‘इकॉनॉमिक वीकली’ काढले, ते १९६६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ झाले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१च्या जानेवारीत याच साप्ताहिकात प्रसिद्ध झाला, आणि हे दोघेही आपल्या गोखले इन्स्टिट्यूटमधील अर्थशास्त्रज्ञ होते. साप्ताहिकाच्या वेगाने, पण ग्रंथाच्या जबाबदारीने लिहिणे म्हणजे काय, हे श्टोल्पर–शुम्पेटर यांच्या जोडीने बर्लिनमध्ये दाखवले आणि दांडेकर–रथ यांनी येथे. मुंबईच्या साप्ताहिकाचेही नाव बदलले, परंतु संपादक तेच राहिले आणि मानसिकताही तीच राहिली. म्हणूनच तेथे १९४९पासून मोजले तर कोणाचा आक्षेप नसतो.

---

कोथरूडची_वाचक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मेफो हुंड्यांचा मुद्दा निबंधाच्या केंद्रस्थानी घ्यावा असे आता वाटू लागले आहे. एक शंका उरते. युद्धोत्तर काळात, विशेषतः अलीकडच्या तीन-चार दशकांत, या साप्ताहिकाची वैचारिक भूमिका कोणती होती, आणि ज्या उद्योगांच्या जाहिरातींवर ते चालते त्यांच्यापासून ते कितपत स्वतंत्र राहिले? तसेच जुने साहित्य पुण्यात बसून पाहण्याचा काही मार्ग आहे का?

---

मुळाकाठ

भूमिका सातत्याने बाजारवादी, कमी कर आणि कमी सरकारी हस्तक्षेप यांच्या बाजूची राहिली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून १९९५पर्यंत वोल्फ्राम एंगेल्स हे फ्रँकफर्ट विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ साप्ताहिकाचे प्रकाशक-संपादक होते. मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या ‘क्रोनबर्गर क्राइस’ या प्राध्यापकांच्या गटाचे ते एक संस्थापक. म्हणजे प्राध्यापकाने साप्ताहिकातून धोरणावर बोलण्याची श्टोल्पर यांच्या काळची प्रथा १९७०नंतरही पुरती मोडली नव्हती. पिंपरीकरांच्या मुद्द्याला माझा एवढाच आक्षेप आहे.

स्वातंत्र्याविषयी मी निवाडा देणार नाही, परंतु एक घटना नोंदवण्यासारखी आहे. १९९१पासून २००७पर्यंत मुख्य संपादक असलेले श्टेफान बारोन साप्ताहिक सोडून थेट डॉयचे बँकेच्या जनसंपर्क विभागाचे प्रमुख झाले. यात बेकायदेशीर काही नाही, आणि आपल्याकडेही असे घडते. पण सोळा वर्षे बँकांवर लिहिणाऱ्या पत्राचा प्रमुख दुसऱ्या दिवशी सर्वांत मोठ्या बँकेच्या वतीने पत्रकारांशी बोलू लागतो, तेव्हा जुने अंक पुन्हा चाळून पाहण्याचा मोह अभ्यासकाला झालाच पाहिजे. त्यांच्यानंतर रोलांड टिखी आणि मग २०१४ साली मिरियम मेकेल आल्या, या पदावरील पहिल्या महिला. मालकी हॉल्ट्सब्रिंक घराण्याकडे होती, आणि २००९ साली घराण्यातील वाटणीत ‘हान्डेल्सब्लाट’सह हे साप्ताहिक डीटर फॉन हॉल्ट्सब्रिंक यांच्याकडे गेले.

साधनांबाबत सांगायचे तर, कील आणि हॅम्बर्ग येथे कार्यालये असलेल्या ‘झेडबीडब्ल्यू’ या अर्थशास्त्राच्या जर्मन केंद्रीय ग्रंथालयाने विसाव्या शतकातील वृत्तपत्र-कात्रणांचा प्रचंड संग्रह जालावर खुला केला आहे, त्यात व्यक्ती आणि कंपन्या यांच्यानुसार शोध घेता येतो. श्टोल्पर, शाख्त आणि मानेसमान या तीन नावांनी शोधाला सुरुवात करा. अलीकडच्या जर्मन नियतकालिकांसाठी मॅक्स म्युलर भवनाच्या ग्रंथालयाचे सभासदत्व घेतले, तर त्यांच्या ऑनलाइन संग्रहातूनही काही वाचता येईल. शुम्पेटर यांचे त्या काळातील लेख पुढे संकलित होऊन ग्रंथरूपाने आलेले आहेत, त्यामुळे गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात मूळ साप्ताहिकाऐवजी शुम्पेटर यांच्या नावाखाली विचारणा करावी. जाताना महाविद्यालयाचे पत्र बरोबर ठेवा.